व्हिक्टोरिया काळात जन्मलेल्या कष्टकरी पूर्वजाचा शोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राणी व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ या काळात गादीवर होती. त्या जवळजवळ चौसष्ट वर्षांत इंग्लंड-वेल्समध्ये जन्मून गिरणीत, खाणीत, गोदीवर, शेतात किंवा दुसऱ्याच्या घरी भांडी घासत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांचा माग कसा काढायचा याबद्दलचे हे प्रश्न आहेत. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत आता ब्रिटिश सुना-जावई आहेत. तिकडच्या नातवंडांना शाळेत वंशवृक्ष काढायला सांगतात आणि मग दोन्हीकडच्या खापरपणज्यांची चौकशी सुरू होते. बरेचसे प्रश्न अशाच घरांतून आलेले आहेत.

जावयाचे पणजोबा साधे हमाल होते. अशा माणसाच्या नोंदी असतात तरी का?

असतात, आणि अपेक्षेपेक्षा जास्त असतात. जमीन नाही, मृत्युपत्र नाही, पत्रव्यवहार नाही म्हणून लोक सुरुवातीलाच हात टेकतात. पण त्या काळातलं सरकार गरिबांवर बारीक नजर ठेवून होतं. मूल जन्मलं की नोंद, शाळेत घातलं की नोंद, पलटणीत भरती झाला की उंची आणि छातीच्या मापासकट नोंद. उपासमारीने दारात आला तर त्याला पोसायचं कोणी, हे ठरवण्यासाठी अख्खी जबानी लिहून घेतली जायची. त्याच्या स्वतःच्या हातचं काही मिळणार नाही हे खरं. जे मिळेल ते कारकुनाने, पाद्र्याने, पोलिसाने किंवा डॉक्टरने लिहिलेलं असेल. म्हणून कुठलाही कागद हाती आला की लिहिणारा कोण होता आणि त्याला कशासाठी माहिती हवी होती, हे आधी बघा.

फक्त नाव माहीत आहे. सुरुवात कुठून करू?

जिवंत माणसांपासून. थेट १८६० मध्ये उडी मारू नका. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा, ट्रंका उघडा. पहिल्या महायुद्धाचं पदक सापडलं तर त्याची कड भिंगाखाली धरा. ब्रिटिश पदकांच्या कडेवर बहुधा शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. मग एकेक पिढी मागे सरका.

वाटेत मोठा आधार मिळतो तो १९३९ च्या नोंदवहीचा. युद्ध सुरू झाल्यावर २९ सप्टेंबर १९३९ च्या रात्रीची देशभरातली माणसं मोजली गेली. त्यात पत्ता, व्यवसाय आणि पूर्ण जन्मतारीख आहे. १८७० च्या आसपास जन्मलेली कितीतरी माणसं तेव्हा हयात होती. या वहीचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे: १९३१ ची शिरगणती १९४२ मध्ये आगीत जळाली आणि १९४१ ची झालीच नाही.

जन्म-मृत्यूचे दाखले किती मागचे मिळतात?

इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. नोंदींच्या सूची दर तिमाहीच्या आहेत. स्वयंसेवकांनी उभारलेल्या फ्रीबीएमडीवर त्या फुकट शोधता येतात. मात्र जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची सूची जरूर बघा, कारण तिथे जन्मनोंदीपुढे आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून दिलेलं आहे. जुन्या छापील सूचीत ते १९११ च्या मध्यापासूनच येतं. एका गावात एकाच तिमाहीत चार विल्यम स्मिथ जन्मलेले असतात, तेव्हा हे माहेरचं आडनावच तुम्हाला वाचवतं.

दाखला मागवण्याआधी त्याच आडनावांच्या जोडीची सगळी मुलं सूचीत शोधून काढा, भावंडांची माळ तयार होते. मध्ये तीन-चार वर्षांची फट दिसली तर त्याच आडनावाची, वय ० किंवा १ असलेली मृत्युनोंद बघा. बहुतेक घरांत ती निघते.

१८७५ च्या आधी जन्म नोंदवला नाही तर आईबापांवर फारशी जबरदस्ती नव्हती, त्यामुळे तेव्हाचे काही जन्म सूचीत नाहीत. अशा वेळी चर्चमधला बाप्तिस्मा शोधा. त्यात १८१३ पासून वडिलांचा व्यवसाय आणि राहण्याचं ठिकाण लिहायची पद्धत होती.

दाखल्यात नाव-तारखेपलीकडे काय बघायचं?

माहिती देणाऱ्याचा रकाना. जन्माची नोंद बहुधा आई करायला जायची. तिथे सही आहे की फुलीची खूण, ते बघा. १८४० च्या सुमारास लग्नाच्या नोंदवहीत एक तृतीयांश नवरदेव आणि जवळजवळ निम्म्या नवऱ्या फुली मारत होत्या. शतक संपेपर्यंत हे प्रमाण अगदी नगण्य झालं. आईची फुली आणि वीस वर्षांनी मुलीची वळणदार सही, असे दोन कागद शेजारी ठेवले की १८७० च्या शिक्षण कायद्याने त्या घरात काय केलं ते दिसतं.

मृत्यूच्या दाखल्यावर ‘मृत्युसमयी हजर’ म्हणून कोणाचं नाव आहे? लग्न झालेली मुलगी असेल तर तिचं सासरचं आडनाव फुकटात हाती येतं. जन्माच्या दाखल्यावर तारखेसोबत वेळ लिहिलेली असेल तर जुळं असण्याची शक्यता मोठी. लग्नाच्या दाखल्यावर नवरा-नवरी दोघांचा पत्ता एकच असेल तर लगेच निष्कर्ष काढू नका. लग्नाआधी चर्चमध्ये घोषणा व्हायची; ती दोन वेगळ्या पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द) करायची तर दोनदा फी भरावी लागे, म्हणून पुष्कळ जोडपी एकच पत्ता द्यायची.

शिरगणतीचे कागद कसे वाचायचे?

इथे घाई करू नका. पुढच्या सगळ्या शोधाचा कणा हाच आहे.

१८४१ पासून दर दहा वर्षांची शिरगणती उपलब्ध आहे, शेवटची खुली झालेली १९२१ ची. १८४१ च्या शिरगणतीत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, त्यामुळे ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो. घरातलं नातंही त्यात नाही, आणि जन्मगावाऐवजी ‘याच काउंटीत (जिल्ह्यात) जन्म झाला का’ एवढंच विचारलं आहे. खरी माहिती १८५१ पासून सुरू होते: कुटुंबप्रमुखाशी नातं, वैवाहिक स्थिती, वय, व्यवसाय आणि जन्माचं गाव.

१९०१ पर्यंतचं जे आपण बघतो ती गणनाकाराने घरोघरचे फॉर्म पाहून केलेली नक्कल आहे. मूळ फॉर्म नष्ट झाले. म्हणजे आधी घरच्यांनी सांगितलं, कोणीतरी लिहिलं, मग गणनाकाराने उतरवलं आणि आपल्या काळात कोणीतरी संगणकासाठी वाचलं. प्रत्येक पायरीवर चूक शिरलेली असू शकते. म्हणून टंकलेल्या माहितीवर न थांबता पानाचं छायाचित्र उघडाच.

छायाचित्रात आपल्या माणसाच्या वरच्या आणि खालच्या दहा ओळी वाचा. शेजारच्या खोलीत बायकोचा भाऊ निघतो, समोर मावशी. मुलांची जन्मगावं ओळीने बघा: मोठा डॉर्सेटच्या खेड्यात, मधली साउथॅम्प्टनला, धाकटी लंडनच्या पॉपलरमध्ये. शेतमजूर घर गोदीकामासाठी कधी आणि कोणत्या वाटेने सरकलं, ते तीन ओळींत कळलं. १८९१ आणि १९०१ च्या शिरगणतीत पाचाहून कमी खोल्या असल्या तर त्यांची संख्या लिहिली आहे. दोन खोल्यांत नऊ माणसं, हे त्या रकान्यातून समजतं.

१९११ चा फॉर्म मात्र घरच्यांच्याच हस्ताक्षरात आहे. त्यात विवाहित बाईला विचारलं आहे: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात, किती गेली. विधवांनी हा रकाना भरायचा नव्हता, तरी अनेकींनी भरला. नंतर तो खोडला गेला, पण रेघेखालचे आकडे बहुतेकदा वाचता येतात. एवढा एक कागद मिळाला तरी मी शोध सार्थकी लागला असं म्हणेन. १९२१ मध्ये तर मालकाचं किंवा कंपनीचं नावही लिहिलं आहे.

दर शिरगणतीत वय वेगळं का?

कित्येकांना स्वतःचं नेमकं वय ठाऊक नव्हतं आणि कोणी पुरावा मागतही नव्हतं. बायकोने नवऱ्यापेक्षा लहान दिसायचं, मुलाने कामाला लागण्यापुरतं मोठं व्हायचं. दोन-तीन वर्षांचा फरक सोडून द्या. वयाला पैशाचं मोल आलं ते १ जानेवारी १९०९ पासून, जेव्हा सत्तरी ओलांडलेल्या गरजूंना आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत पेन्शन मिळू लागलं. त्यामुळे १९११ मध्ये एखाद्या म्हाताऱ्याचं वय एकदम नेमकं झालेलं दिसलं तर नवल वाटू देऊ नका.

नाव कुठेच सापडत नाही. आता?

आडनावाचा रकाना रिकामा ठेवा. पाळण्यातलं नाव, अंदाजे जन्मवर्ष आणि जन्मगाव एवढ्यावर शोधा. आडनाव कानावर पडेल तसं लिहिलं जायचं, आणि लंडनचा कष्टकरी सुरुवातीचा ‘ह’ उच्चारत नसे, म्हणून हॅमंडला ‘अ’ खालीही शोधावं लागतं. घरातली हाकेची नावंही ध्यानात ठेवा: मेरीला पॉली, जॉनला जॅक, हेन्रीला हॅरी. तरीही नाहीच मिळालं तर भावंडांपैकी सर्वांत वेगळं नाव असलेल्याला शोधा. अल्बर्ट आणि जॉर्ज शेकड्यांनी निघतात, केझाया एखादीच.

आमच्या पणजीपुढे व्यवसायाचा रकाना कोराच आहे. ती घरीच होती का?

बहुधा नाही. कष्टकरी घरातली बाई एका पगारावर घर चालवत बसली, असं क्वचितच व्हायचं. ती धुणी करायची, शिवणकाम घरी आणायची, काड्यापेट्यांची खोकी चिकटवायची, पोटभाडेकरू ठेवायची. पण काम अर्धवेळचं किंवा हंगामी असलं की ते फॉर्मवर यायचं नाही. लँकशरच्या सूतगिरण्यांतलं काम मात्र फॉर्मवर उतरलं, कारण तिथे विवाहित बाईचं गिरणीत जाणं सर्वमान्य होतं. लग्नाआधीची मुलगी बहुतेकदा घरकामाला लागलेली असते. तिला आईबापांच्या घरी न शोधता मालकाच्या घरी शोधा.

बाईचा माग कसा लागू शकतो याचं सारा चॅपमनचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. लंडनच्या माइल एंड भागात १८६२ मध्ये तिचा जन्म झाला. बो इथल्या ब्रायंट अँड मेच्या काडेपेटी कारखान्यात ती कामाला होती, आणि १८८८ च्या जुलैमध्ये तिथल्या मुलींनी जो संप केला त्याच्या पुढाऱ्यांपैकी ती एक होती. आपल्याकडे पुढे होमरूलच्या चळवळीमुळे परिचित झालेल्या ॲनी बेझंट यांनी त्या मुलींची बाजू छापून मांडली होती आणि सारा त्यांना भेटायला गेलेल्या शिष्टमंडळात होती. संप जिंकला, आणि तिचं नाव विस्मृतीत गेलं. १८९१ मध्ये तिने एका सुताराशी लग्न केलं, आडनाव बदललं. १९४५ मध्ये ती वारली तेव्हा मॅनर पार्कच्या दफनभूमीत इतर अनोळखी माणसांसोबत, नाव नसलेल्या सार्वजनिक कबरीत तिला पुरलं गेलं. पुढे संशोधकांनी आणि तिच्या पणतीने तिचं आयुष्य पुन्हा जुळवलं ते याच साध्या साधनांनी: शिरगणती, दाखले, दफनाची वही, संघटनेचे कागद. लग्नानंतरचं आडनाव हा दुवा जोडला नाही, तर संपातली सारा आणि त्या कबरीतली म्हातारी या दोन वेगळ्या बायकाच राहतात. तुमच्या पणजीचं लग्न सापडत नसेल तर आधी तेवढंच शोधा, बाकी थांबवा.

पणजोबांचं नाव वर्कहाउसमध्ये निघालं. घरातल्यांना सांगावं का?

जरूर सांगावं. वर्कहाउस म्हणजे तुरुंग नव्हे, निराधारांना काम करवून घेऊन पोसणारं सरकारी आश्रयगृह. गरिबांच्या मदतीबद्दलच्या १८३४ च्या कायद्यानंतर अनेक पॅरिश मिळून एक युनियन आणि तिचं एक वर्कहाउस अशी व्यवस्था झाली. नवरा, बायको, मुलं यांना आत वेगळं ठेवत आणि आतलं जगणं मुद्दाम कठीण केलेलं होतं, हे सगळं खरं. पण आत जाणाऱ्यांत गुन्हेगार नव्हते. म्हातारे, आजारी, विधवा, अविवाहित गरोदर मुली आणि मंदीत काम सुटलेले मजूर होते. गरिबांना दुसरं इस्पितळ परवडत नसल्याने अनेक जण केवळ आजारपणासाठी आत गेले. तिथे मृत्यू झाला म्हणजे पोरांनी टाकून दिलं, असा अर्थ काढणं त्या पोरांवर अन्याय आहे.

कागदांच्या दृष्टीने वर्कहाउस श्रीमंत आहे. प्रवेश आणि निर्गमनाच्या वह्यांत तारीख, वय, कारण लिहिलेलं असतं. धर्माची नोंद ठेवणाऱ्या वेगळ्या वहीत कित्येकदा जवळच्या नातलगाचं नाव आणि पत्ता मिळतो. सर्वांत मौल्यवान म्हणजे ‘सेटलमेंट’ची जबानी. हा माणूस मूळचा कोणत्या पॅरिशचा, म्हणजे खर्च कोणाच्या माथी, हे ठरवण्यासाठी त्याला जन्म, लग्न, नोकऱ्या, भाडं असं सगळं विचारत. अशी जबानी म्हणजे जवळजवळ आत्मचरित्रच. या वह्या काउंटीच्या अभिलेखागारात असतात. लंडनच्या पुष्कळ वह्या लंडन आर्काइव्ह्जमध्ये आहेत. अनेक नष्टही झाल्या आहेत, तेव्हा आधी त्यांची सूची तपासा.

१९०४ नंतरच्या जन्मदाखल्यात वर्कहाउसऐवजी साधा रस्ता-क्रमांक लिहायची पद्धत पडली, म्हणजे मुलाला पुढे बोल लागू नये. तेव्हा एखादा पत्ता नकाशावर संस्थेच्या जागी पडला तर ओळखा.

वडिलांचा रकाना कोरा आहे.

आई अविवाहित होती. मुलाच्या मधल्या नावात एखादं आडनाव आहे का बघा, ते पुष्कळदा बापाचं असतं. पोटगीचे आदेश स्थानिक न्यायालयाच्या वह्यांत आणि वर्तमानपत्रांत सापडतात. त्या मुलाच्या लग्नाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आलं असेल तर त्यावर लगेच भरवसा ठेवू नका. चारचौघांत लाज राखण्यासाठी आजोबांचं किंवा बनावट नाव दिलं जायचं. शेवटचा उपाय डीएनए चाचणी. तिच्या निकालाने हयात नातलगांचे गैरसमज आणि दुखणी बाहेर येऊ शकतात, म्हणून घरात आधी बोलून घ्या. कायदेशीर दत्तकविधान इंग्लंडमध्ये १९२७ पासूनचं. त्याआधी मूल शेजारी किंवा मामा-मावशीकडे वाढलं तर त्याचा कागद नसतो.

बायको हयात असताना दुसरं लग्न कसं?

१८५७ च्या कायद्याने घटस्फोट न्यायालयात आला खरा, पण मजुराच्या आवाक्यात आला नाही. माणसं वेगळी व्हायची, दुसऱ्या गावात ‘विधुर’ म्हणून लग्न करायची. जोडीदाराचा सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर पुन्हा लग्न करणाऱ्याला द्विभार्येच्या गुन्ह्यातून सूट होती. त्यावरून असं लग्न वैधच होतं असा लोकांचा समज होता. आणखी एक: मृत बायकोच्या बहिणीशी लग्न १९०७ पर्यंत बेकायदा होतं. पोरक्या मुलांना सांभाळायला मावशीच घरात यायची, म्हणून ही लग्नं लांबच्या शहरात जाऊन केलेली आढळतात.

तो पलटणीत होता म्हणतात. कागद मिळतील?

१९१३ पर्यंत सुटका झालेल्या शिपायांचे कागद लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९७ या मालिकेत आहेत. केसांचा, डोळ्यांचा रंग, गोंदण, शिक्षा, आजार, सगळं त्यात असतं. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांचे निम्म्याहून जास्त कागद १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाले. वाचलेल्यांच्या कडा करपलेल्या दिसतात. ते नसले तर पदकांची कार्डं बघा, आणि युद्धात गेला असेल तर त्याची शिल्लक रक्कम कोणाला दिली त्याची नोंदवही बघा.

महाराष्ट्रात राहून गेलेल्या ब्रिटिश शिपायाची किंवा रेल्वे कामगाराची नोंद कुठे?

पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर इथल्या छावण्यांत आलेले गोरे शिपाई बहुतांशी कष्टकरी घरांतलेच होते. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावल्यावर ड्रायव्हर, फिटर, गार्डही तिकडून आले. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन/३ या मालिकेत आहेत. ब्रिटिश भारतातल्या घराण्यांचा माग काढणाऱ्या फिबिस या संस्थेच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे.

उलट दिशेनेही माणसं गेली. पी अँड ओ या जहाज कंपनीच्या बोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी असत, जेवणघरात गोव्याचे वाढपी. साहेबांची मुलं सांभाळत बरोबर गेलेल्या दायांसाठी (आयांसाठी) लंडनमध्ये वसतिगृह होतं, आणि आशियाई खलाशांसाठी लाइमहाउसला १८५७ मध्ये निवारा उघडला. तेही व्हिक्टोरिया काळातले कष्टकरीच. त्यांची नावं कागदावर फार मोडतोड होऊन येतात. शोधताना जहाजाचं नाव आणि सारंगाचं (खलाशांच्या मुकादमाचं) नाव जास्त उपयोगी पडतं.

स्कॉटलंड आणि आयर्लंडसाठी हेच चालेल?

नाही. स्कॉटलंडची नोंदणी १८५५ पासूनची आहे आणि स्कॉटलंड्स पीपल या सरकारी संकेतस्थळावर मिळते. दाखले जास्त भरलेले असतात, मृत्यूच्या दाखल्यात आईवडील दोघांची नावं येतात. आयर्लंडची १९०१ आणि १९११ ची शिरगणती फुकट आहे, त्याआधीची जवळजवळ सगळी नष्ट झाली.

तो राहायचा ती गल्ली कशी होती, कळेल का?

लंडन असेल तर त्या काळी शहरातल्या गरिबीची पाहणी करणाऱ्या चार्ल्स बूथचे दारिद्र्याचे नकाशे उघडा. गल्लीगणिक रंग दिले आहेत: काळा सर्वांत तळाचा, गडद निळा अतिगरीब, गुलाबी बऱ्यापैकी कमावणाऱ्यांचा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संकेतस्थळावर ते फुकट आहेत, सोबत पाहणीच्या वह्याही. पण काळ्या रंगाला बूथने दिलेलं वर्णन, ‘दुष्ट, अर्धगुन्हेगार’, हे वरून बघणाऱ्याचं मत आहे. तिथली बहुतेक माणसं फक्त कंगाल होती. बाकी देशासाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संकेतस्थळावर चढवलेले ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे आहेत. मोठ्या प्रमाणावरच्या नकाशात पंप, सामाईक संडास आणि कारखान्याची भिंतही ओळखू येते.

वर्तमानपत्रात गरिबाचं नाव कशाला येईल?

अपघातात मेला म्हणून, मुलाला शाळेत पाठवलं नाही म्हणून दंड झाला म्हणून, शेजारणीशी भांडली म्हणून. खाणीत किंवा गोदीवर मृत्यू झाला की कॉरोनरची (अपघाती मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याची) चौकशी व्हायची आणि स्थानिक पत्रात तिचा परिच्छेद यायचा. मृताच्या बायकोने साक्षीत सांगितलेली दोन वाक्यं त्यात असतात. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच मिळत नाही. लंडनचा मोठा खटला असेल तर ओल्ड बेली या तिथल्या फौजदारी न्यायालयाच्या १९१३ पर्यंतच्या नोंदी फुकट वाचता येतात.

संकेतस्थळावर कोणीतरी आधीच वंशवृक्ष टाकला आहे. तो घेऊ का?

वाटाड्या म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको. प्रत्येक जोडणीला कागद आहे का बघा. आईच्या आधी जन्मलेली मुलं अशा झाडांत सर्रास आढळतात.

भारतात बसून हे सगळं होईल?

पुष्कळसं होईल. फॅमिली सर्च, फ्रीबीएमडी, फ्रीसेन (शिरगणतीसाठी) ही संकेतस्थळं आणि नकाशे फुकट आहेत. ॲन्सेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट पैसे घेतात. आधी फुकटातली तयारी पुरी करा आणि मग एकाच महिन्याची वर्गणी भरून साठलेली सगळी नावं एकदम बघा. इंग्लंडमध्ये नातेवाईक असतील तर त्यांना गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात पाठवा. अनेक ठिकाणी ही संकेतस्थळं सभासदांना तिथल्या संगणकावर मोफत असतात. पुराव्यादाखल नको असेल तर जन्माचा छापील दाखला मागवू नका, नोंदीची डिजिटल प्रत बरीच स्वस्त पडते. वर्कहाउस, शाळा आणि दफनाच्या वह्या मात्र बऱ्याच अजून कागदावरच आहेत. त्यासाठी त्या काउंटीच्या अभिलेखागाराला ईमेल करा, आणि पूर्ण नाव, अंदाजे वर्षं, पॅरिश व आतापर्यंत काय तपासलं ते पहिल्याच ईमेलमध्ये लिहा.